सांधणी

सीडीचा ट्रे बाहेर येत नव्हता.
सेफ्टीपिन खुपसून पाहिली, चमच्याचा दांडा घालून पाहिला,
शेवटी अम्मानं त्या डब्यावर विड्यांचं सूप ठेवलं
आणि विषय मिटला.

मग कन्ना चौकात, इलाही बागवानच्या कॅफेत,
तासाला दहा रुपये देऊन
अख्खी यंत्रणा मी तुकड्यांनी उतरवून घेतली.
सात तुकडे, खेपेला दोन,
पेनड्राइव्ह गळ्यात, साखर पेठेपर्यंत चालत.
इलाही म्हणायचा, रात्री लावून जा, सकाळी ने.
सकाळपर्यंत वीज राहिली तर.
पाचवा तुकडा तीनदा अर्धाच आला.

घरी सगळे जोडले, बत्तीस अक्षरांची खूण जुळवायला बसलो.
पडद्यावरची मी, कागदावरची अम्मा.
तिला इंग्रजी येत नाही, आकार येतात.
रोज हजार विड्या वळणाऱ्या बाईला
छाटात जाणारी विडी लांबून कळते.
कुठं चुकलं, मी विचारलं.
"कुठं म्हणजे? पहिल्या अक्षरापासनंच."
तेच तर. एक कण बिघडला की सगळीच खूण बदलते.
कारखान्यातला चेकर तरी मूठभरच छाटतो.
पाचवा तुकडा, चौथ्यांदा.

दोन बारक्या फायली आधी बाहेर काढायच्या असतात.
एकीचं नाव कर्नेल. नान्ना म्हणाले, मिल्ट्रीतला?
त्या सीमध्ये ठेवल्या, मोठी फाईल डीमध्ये,
आणि जुन्याच्या यादीत चार ओळी लिहिल्या :
चालू झालास की तू उठू नको, ह्याला उठव.
जुनं बिचारं ऐकतं.

नाही उठलं. काळा पडदा, एक पांढरी रेघ लुकलुकत.
पावणेदोनला कळलं, ते पहिल्या खोलीला शून्य म्हणतं.
मी एकपासून मोजत होते.
"शून्य विड्यांची मजुरी शून्य," अम्मा झोपेत म्हणाली,
"ते मोजतंय कशाला?"

एक कमी केला, आणि उठलं.
पहिलाच प्रश्न, भाषा.
यादी खाली सरकवत गेले. मराठी होती. पुढे तेलुगूही होती.
घर थांबलं.
आम्ही जेवतो एकीत, फी भरतो दुसरीत.
अम्मा म्हणाली, "ज्यात चुकलं तर कळंल, ती घे."
मराठी घेतली. सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या
आपापलं अक्षर ओलांडून पलीकडे उभ्या.
तरी चाललं. 'पुढे' या शब्दाला वेलांटी लागत नाही.

मग ते पान : कुठली जागा पुसू?
डीला हात लावायचा नाही,
हे सगळं जिच्यातून येतंय ती फाईल तिथंच पडलीय.
म्हणून सी. बोट एंटरवर.

नान्ना खुर्चीची पाठ धरून उभे.
चाळीस वर्षं ते बीम सांधतात.
ताणा संपत आला की जुना वीतभर ठेवून कापायचा,
नव्याचं एकेक टोक त्याच्या टोकाला,
बोटांना राख लावून, दोन हजारांवर गाठी.
जुनाच धागा नव्याला वहीफणीतून ओढून नेतो
आणि मग चिंधीत जातो.
यातलं ते काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं,
"अक्काच्या लग्नाचे फोटो कशात आहेत?"

सीमध्ये.

बटण दाबून बंद केलं. परत जुन्यात गेले.
एकशे चार फोटो डीवर नेले,
नान्नांच्या पीएफचा अर्ज, माझं प्रोजेक्ट,
कुणाचा तरी बायोडेटा, तोही.
मग पुन्हा चार ओळी, पुन्हा शून्य, पुन्हा भाषा.
या वेळी कुणी थांबलं नाही.

उजाडताना पट्टी शंभरवर आली.
मोडक्या वेलांट्यांत त्यानं लिहिलं :
काम झालं, आता ट्रेमधली डिस्क काढून घ्या.
मी वाचून दाखवलं.
अम्मानं काही न विचारता
डब्यावरचं सूप उचलून मांडीवर घेतलं.