लाल ठिपका

दार उघडणारा माणूस आधी माझ्या बुटांकडे बघतो,
मग ओळखपत्राकडे.
बँकेकडून आलोय, मी म्हणतो. मोजायला.

समोरच्या भिंतीवर लेझरचा ठिपका बसतो, तिळाएवढा,
आणि यंत्र सांगतं: तीन पूर्णांक शून्य पाच.
ब्रोशरमध्ये सव्वातीन होतं.
मधले वीस सेंटिमीटर कुठे गेले
हे मला कुणी विचारत नाही.
विचारलंच, तर प्लास्टर म्हणायचं.

तेरा वर्षं मी पुणं असं मोजतोय, खोलीखोलीनं.
धायरी, आंबेगाव, मग नदीपलीकडे ताथवडे, पुनावळे.
नोटा रद्द झाल्या त्या हिवाळ्यात
सलग एकवीस दिवस एकही घर नाही;
मी ऑफिसात बसून यंत्राचे सेल काढायचो, परत घालायचो.
आणि टाळेबंदीनंतर मुद्रांक शुल्क उतरलं
तेव्हा एका दिवसात नऊ.
दुय्यम निबंधकाच्या दारात मास्कवाल्यांची रांग,
जणू घर ही वस्तू
डिसेंबरनंतर बाजारात मिळणारच नव्हती.

मुंबईत सहा जण एका टेबलाभोवती बसतात
आणि पाव टक्का वर सरकवतात.
तो पाव टक्का एक्सप्रेसवेनं येतो,
वाकडला उतरतो,
संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी निवृत्तीच्या पलीकडे
चौदा हप्ते जाऊन बसलेले असतात.
हप्ता तेवढाच राहील, बँक कळवते.
खरंय. हप्ता तेवढाच राहतो.

आज म्हाळुंगे, सी विंग, अकरावा मजला. केंजळे.
नवरा घरी, मंगळवारी, दुपारी बारा वाजता.
दारामागच्या खिळ्याला कंपनीची निळी फीत,
खाली कार्ड नाही.
फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही, मी पुढे गेलो.
मला कोपरा मिळावा म्हणून त्यानं
कढीपत्त्याची कुंडी उचलून छातीशी धरली
आणि मोजून होईस्तोवर तसाच उभा राहिला.

शर्वाणीताई माझ्या मागोमाग.
"टॉप-अपसाठी आहे. जरा सढळ हातानं बघा ना.
शेजारच्यांनी पंचाण्णवला घेतलाय, हाच एरिया."
कधी?
"गेल्या पाडव्याला."

गेल्या पाडव्याला कंपन्या माणसं घेत होत्या.
भिंती त्याच, फरशी तीच,
टँकर आला की खोकणारा नळही तोच.
पण किंमत भिंतीत कुठे असते, ताई?
ती हिंजवडीत, तिसऱ्या फेजमध्ये,
एका फिरत्या खुर्चीवर बसलेली असते.
हे मी बोललो नाही.
बाल्कनी मोजायची राहिलीय, एवढंच म्हणालो.

खाली गेटवर पाडाळे भेटले. ही जमीन त्यांची होती.
आता याच विंगमध्ये चार फ्लॅट,
तीन भाड्यानं, एक नुसता कुलपात.
"काय साहेब, काढू का थांबू?"
थांबा, म्हणालो.
"मागच्या वेळीपण थांबाच म्हणाला होता."
मागच्या वेळी बरोबर होतं ना?
ते हसले, पान थुंकले, "आमचा ऊस असता
तर एव्हाना खोडवासुद्धा निघाला असता."

आम्ही वडगावात भाड्यानं राहतो.
बायको दर दिवाळीला विचारते,
मी सांगतो, अजून थोडं उतरेल.
बाजाराबद्दल एवढं ठाऊक असलेला माणूस
घर कसं घेणार, असं मेहुणा म्हणतो,
आणि तो बापडा पतपेढीत शिपाई,
त्याचा नऱ्ह्यातला फ्लॅट फिटलासुद्धा.

रात्री रिपोर्ट भरायला बसलो.
बाजारातील मागणी: चांगली, मध्यम, कमी.
तेरा वर्षं मी मध्यम लिहीत आलोय.
नोटांच्या हिवाळ्यात मध्यम,
रांगेच्या डिसेंबरातही मध्यम.
आजही बोट तिकडेच गेलं.
मग उगाच ती कुंडी आठवली,
मातीचे थेंब त्याच्या शर्टावर,
आणि रकाना तसाच ठेवला.

बँकेतून शिंत्रेचा फोन. "झाला का केंजळे?"
सकाळी देतो, म्हटलं.
"अहो, सकाळी रेट बदलायचाय."