साडेनऊ लिटर

दुपारी तीनला जिएनगुओ रस्त्यावर गिऱ्हाईक नसतं.
काओशुंग बंदराकडून वारा येतो, गंजाचा वास घेऊन.
मी पंख्यांची खोकी मोजत होते.
त्सेंग छिंग-शुई आत आले,
सायकलची चावी काउंटरवर ठेवली, म्हणाले,
"सगळ्यात लहान डबा दाखव.
पण डबाच हं. रोषणाईचं देऊळ नको."

काचेच्या, सात रंगांत उजळणाऱ्या केस
मी मुकाट मागं सारल्या.

"किती लिटरची हवी?"
"लिटर? दूध भरायचंय का त्यात?"
मग मी समजावलं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची,
आत किती हवा मावते, त्याचं माप.
"हवा मावत नसते," ते म्हणाले, "हवा ये-जा करते."

गच्चीवर त्यांचा कबुतरखाना. शर्यतीची पाखरं,
जहाजावरून भर समुद्रात सोडतात ती.
कुठली किती वाजता परतली,
कुठली परतलीच नाही,
एकोणीस वह्या भरल्यात.
आता वह्यांनाही वाळवी लागली,
म्हणून कॉम्प्युटर, स्वतःच्या हातानं जोडलेला,
चौदाव्या खणाशेजारच्या फळीवर बसेल एवढा.

मी साडेनऊ लिटरची काढली.
काळी, बारीक, हातात धरली तर डिक्शनरीसारखी.
(खरं सांगू, माझी आवडती. आणि महाग.)
त्यांनी ती उघडली नाही आधी.
अंगठा कडेवरून फिरवला, सावकाश,
जसं कुणी तान्ह्याच्या हिरडीवर दात शोधावा.
"दुमडलीय. चांगली दुमडलीय.
ती पलीकडची बघ, नुसती कापून सोडलीय.
आत हात घालणाराही माणूस असतो,
हे कापणाऱ्याला ठाऊक नसावं."

तेव्हा मी त्यांचा हात पाहिला.
उजव्या हाताची मधली दोन बोटं पेरावर संपलेली.

कांगशानला, प्रेसवर, एकतीस वर्षं.
हेच डबे. म्हणजे डबे नव्हे,
डबीची डावी बाजू फक्त.
उजवी दुसऱ्या शेडमध्ये व्हायची, दुसऱ्या पाळीला.
"दोन्ही एकत्र लागलेल्या
मी कधी पाहिल्या नाहीत."

मदरबोर्ड बसवून पाहिला, तळहाताहून थोडा मोठा.
त्यावर कूलर. वर झाकण.
झाकण आणि पंख्याच्या मध्ये
अंधाराची एक चीर.

"घरट्याचा खण कसा मापतात ठाऊक आहे?
पाखरू पंख मिटून बसलं की वर दोन बोटं मोकळी हवीत.
कमी असली तर गुदमरतं.
जास्त असली तर दुसरा नर घुसतो, भांडणं.
दे तुझी दोन बोटं.
माझी प्रेसनं नेली."

मी बोटं घातली.
एक गेलं. दुसरं अर्धवट अडलं, नखापाशी.

"नको ही."
मी म्हटलं, कूलर बुटका घेता येईल.
मी म्हटलं, झाकणाला जाळी आहे, तापमान फार तर पाच अंशांनी वाढेल.
मी म्हटलं, दिसायला तरी बघा.
स्वर्ग मला दोन बोटंच उरला होता, विक्रीपासून.
ते पाखरासारखी मान तिरकी करून ऐकत राहिले.
मग तेरा लिटरची उचलली,
करडी, अर्ध्या किमतीची, खाली धूळ खात पडलेली,
जिला पिसांची जाळी सहज बसेल.

डावी बाजू काढली. लावली. खट्.
उजवी काढली. लावली. खट्.
पुन्हा दोन्ही.

पैसे मोजून दिले, नाणी सुद्धा.
डबा कबुतरांच्या पेटीच्या पट्ट्यांनी कॅरिअरला आवळला,
आणि मिनिटभरात परत दारात.
"याची उजवी बाजू कुठं झाली,
लिहिलेलं असतं का कुठं?"
खोकं उलटंपालटं करून पाहिलं. अख्ख्या डब्याचं एकच लेबल होतं.
मी नाही म्हणून मान हलवली.

"असो," म्हणाले.
चावी मात्र अजून काउंटरवरच होती.