पायंडा

ईरी सरोवरावरून निघालेला वारा
नगरभवनाच्या पटांगणात शिरतो
तेव्हा त्याला अडवायला काही नसतं.
चार एकर विटा,
मधोमध एक कारंजं,
एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरपासून कोरडं.
कर भरायला आलेल्या माणसाला शहर इथं
अक्षरशः वाऱ्यावर सोडतं.

परवाना खिडकीवरची ओडेसा प्रुइट
दुपारचा डबा जिन्यात बसून खाते.
बाहेर बूड टेकायला एक कठडा होता,
त्यावर स्केटबोर्डवाल्या पोरांसाठी
लोखंडी खुंट्या ठोकल्या.
पोरं गेली नाहीत. म्हातारे गेले.

आणि हा लेस्टर व्रोबेल, सफाई कामगार.
बर्फ पडला की खरवडायला उतरण्याआधी
तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून
एक फोटो काढायचा.
अख्खा हिवाळा.
विटांच्या चौकोनांवर
माणसं तिरकीच चालली होती:
बसथांब्यापासून कोर्टाच्या दारापर्यंत
एक लांब, जराशी पोट सुटलेली रेघ,
कारंज्याला वळसा घालून नव्हे,
थेट कारंज्यातून.
ईशान्येच्या कोपऱ्यात,
जिथं खालून वाफेचा नळ जातो,
घोंगडीएवढा ओला काळा चट्टा,
त्याभोवती घुटमळणारी पावलं
आणि एकदा, बाबागाडीची चाकं.

मार्चच्या सुनावणीत सल्लागारांनी
पडद्यावर हिरवंगार पटांगण दाखवलं.
त्यातली माणसं पारदर्शक होती
आणि कुणालाच लघवीला लागलेली नव्हती.
मग लेस्टरनं टेबलावर फोटो मांडले,
पत्ते पिसून मांडावेत तसे.
"आराखडा लोक रोज देतात," म्हणाला,
"आपण तो खरवडून टाकतो.
म्हणजे मीच टाकतो."

नगरसेविका हॅलोरन चष्मा काढून म्हणाल्या,
उद्या जो तो नकाशे घेऊन येईल,
नसता पायंडा पडेल.
लेस्टरनं त्या तिरक्या रेघेवर बोट ठेवलं:
"पडलाय की."

मंजूर झालं ते इतकंच:
साठ हलक्या, सुट्या खुर्च्या.
झाडांचं पुढच्या अंदाजपत्रकात बघू.

मे महिन्यात त्यानं त्या रांगेत लावल्या,
परिपत्रकाप्रमाणे, तोंडं नगरभवनाकडे,
जणू इमारत आता भाषण करणार.
दुपारपर्यंत एकही जागेवर नव्हती.
काही उन्हामागे गेलेल्या,
सहा एका बुद्धिबळाभोवती,
एक नगरभवनाला पाठ करून
सरोवराकडे बघत.
ओडेसा डबा घेऊन बाहेर आली.
खुर्ची आधी चार बोटं सरकवली,
मगच बसली.
ऊन तिथंही तेवढंच होतं.

संध्याकाळी रांग पुन्हा लावायची.
लेस्टर लावत लावत
वाफेच्या कोपऱ्यापाशी आला.
तिथं दोन खुर्च्या समोरासमोर,
गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ,
जरा कलत्या,
बोलणं नुकतंच संपल्यासारख्या.

वारा होताच. कारंजं कोरडंच.
टोपी हातानं दाबून धरत
तो त्यातल्या एकीवर बसला.