बोटावरचा आकडा

एकशेवीस किलोमीटर. किती तास, ते नदीला विचारा.
माझी जीप माझ्याहून चार वर्षांनी थोरली.
दार आतून उघडत नाही,
खिडकीतून हात बाहेर घालून जरा चुचकारावं लागतं.

पहाटे रोशदाऱ्याहून निघालो.
पुढे एक पाहुणा, कुठल्याशा सपाट देशातला,
गुडघ्यांवर नकाशा, खिशात उंचीच्या त्रासाच्या गोळ्या.
मागे नेकबख्त, मांडीवर तुतीच्या पिठाची पिशवी,
खोरोगच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढायला निघालेली.
तिला टेकून झोपलेला भाचा, अलिदोद.
त्याला तिथून पुढे मॉस्कोला जायचंय, विटा उचलायला.

नेकबख्त खोकते ती ओढणीच्या टोकात,
आणि टोक लगेच मुडपून घेते
जशी कुणी चिठ्ठी मुडपावी.

रस्ता होतोय. दोन वर्षं होतोय.
फलकावर लिहिलंय: खोरोग, तीन तासांत.
त्या फलकापाशीच आम्ही दीड तास उभे.
वर सुरुंग, खाली लाल फडकं धरलेला पोरगा,
पॉपलरच्या पानांवर पिठासारखी धूळ.
खोकला रस्त्याच्या आधीचा की नंतरचा,
ह्यावर गावात दोन तट आहेत.
मी कुठल्याच तटात नाही.
रस्ता झाला की व्हॅन येतील, एका खेपेत दहा माणसं,
आणि माझ्या थोरलीत कोंबड्या अंडी घालतील.
तरी व्हावा म्हणतो. माझ्या धाकटीच्या वेळी
बायकोला मी ह्याच सीटवर आडवी नेली होती,
दगड चुकवत, देवाशी भांडत.

ह्या रस्त्यात नेकबख्तची अकरा जर्दाळूची झाडं गेली.
भरपाई मिळाली. ती नोटा मोजत नाही, झाडंच मोजते:
फोटोला एक, डॉक्टरला दोन,
औषधाला तीन धरू, फार तर चार.
"पाटाकडेचं गोड होतं," ती म्हणते,
"ते शेवटपर्यंत मोडायचं नाही."

पाहुण्याने बोटाला चिमटा लावला. शहाऐंशी.
त्याचा चेहरा उतरला, गोळी घेतली, पाणी प्यायला,
मग जरा बरं वाटल्यावर खेळ म्हणून
चिमटा सगळ्यांच्या बोटांवर फिरवला.
माझे एक्याण्णव. अलिदोदचे झोपेतच त्र्याण्णव.
नेकबख्तने बोट पुढे केलं,
अंगठी घालून घ्यावी तसं, हसत.

एकाहत्तर.

त्याने चिमटा काढला, शर्टाला पुसला,
दुसऱ्या बोटाला लावला. बोट तळहातात धरून ऊब दिली.
एकाहत्तर. मग सत्तर.
"काय म्हणतंय यंत्र?" तिने मला विचारलं.
"नव्वद," मी म्हटलं.
पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं.
भाडं ठरवताना त्याने आमचे आकडे शिकून घेतले होते,
सत्तर कुठलं आणि नव्वद कुठलं, चांगलं ठाऊक होतं त्याला.
काही बोलला नाही. नकाशा घडी केला,
उतरून मागे गेला, पिठाची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली
आणि तिला पुढे बसवलं, खिडकीपाशी, वाऱ्यात.

फडकं खाली आलं. निघालो.
वळणावर सगळी दरी एकदम उघडते तिथे
पाहुणा म्हणाला, "सुंदर."
आकड्यांखेरीज एवढाच एक शब्द त्याला येत होता.
मीही पाहिलं. रोजचंच.
पण खरंच, बर्फावर ऊन आलं होतं.

रुशानपाशी डांबर लागलं.
इतका वेळ खडखडणारं सगळं, दारं, पाने, माझे दात,
एकाएकी गप्प झालं,
आणि त्या शांततेत जीपभर ऐकू यायला लागला
नेकबख्तचा श्वास.

मी उगाचच गिअर बदलला.