मधली जागा

ओउलूत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
तेव्हा आले दोघे. बुटांवरचा बर्फ
दाराशी झटकला तिनं; त्यानं नाही.
आर्मास केटोला. बर्फ फोडणाऱ्या जहाजावर
एकतीस वर्षं इंजिनाशी संसार केलेला माणूस,
सरळ सगळ्यांत महाग रिसीव्हरपाशी जाऊन उभा राहिला
आणि म्हणाला, अकरा चॅनेलचा हवा.

खोली केवढी, मी विचारलं.
पुरेशी, तो म्हणाला.
तिनं पर्समधून लोकरीच्या दुकानाची पावती काढली,
पाठीमागे पेन्सिलीनं:
रुंदी तीन मीटर चाळीस,
सोफा मागच्या भिंतीला टेकलेला,
डावीकडे खिडकी, उजवीकडे काचेचं कपाट,
ट्रक गेला तरी किणकिणतं.

मी माझं पाठ झालेलं म्हणत गेलो:
वॅटचे आकडे छापायला स्वस्त असतात;
जुने चार ओहमचे स्पीकर असतील तर जपून;
एचडीएमआयची भोकं मोजून घ्या;
आणि वर चार बोटं जागा मोकळी सोडा,
याला श्वास लागतो, वर क्रोशाचा रुमाल चालत नाही.
इथं तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

मग मी डेमो लावला.
हेलिकॉप्टर खिडकीच्या बाजूनं शिरलं,
डोक्यावरून गेलं, पाठीमागे घुटमळलं.
कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात,
ते मागच्या स्पीकरांबद्दलच असावं.
आर्मास मान न हलवता हसला, पोरासारखा.
हिल्का समोरच बघत होती.
कुठून गेलं? मी विचारलं.
काय कुठून?

नवव्या वर्षी गालगुंड. ताप उतरला,
जाताना डावा कान घेऊन गेला.
तेव्हापासून सगळं एकाच दारातून येतं,
रांगेत: किटली, नवरा, हेलिकॉप्टर.
‘लोक या कानानं ऐकतात, त्या कानानं सोडतात,’
ती म्हणाली. ‘माझ्याकडे सोडायला कान नाही.
चाळीस वर्षांत हा जे जे बोलला
ते सगळं आत आहे.’

आर्मास किमतीची पट्टी वाचू लागला.
बराच वेळ वाचली.
अकराचा नऊवर आला, नऊचा सातवर,
उलटा भाव करतोय असं वाटावं,
शेवटी पाच पॉइंट एकवर थांबला.
‘बोलणं स्वच्छ येईल?’ त्यानं विचारलं.
येईल, मी म्हणालो. मधल्या स्पीकरचं कामच ते.

शनिवारी जोडायला गेलो.
तिपाईवर माइक, सोफ्याच्या बरोब्बर मध्ये, नियमानं.
पडद्यावर अक्षरं आली: कृपया शांत राहा.
फ्रिज बंद केला. लंबक आर्मासनं बोटानं धरून ठेवला.
वूप. वूप. एकेक स्पीकर हजेरी देत गेला,
आणि प्रत्येक वेळी हिल्का बघत होती
त्याच्या डोळ्यांकडे.
ते जिकडे वळत, तिकडे आवाज.

असंच चाललं असणार आजवर.
रस्ता ओलांडताना, चर्चमध्ये, स्टेशनावर.

माइक काढ, तो मला म्हणाला.
मध्ये कोण बसतं? मध्ये उशी असते.
तिला तिच्या जागी बसवलं,
उजव्या कानाची उंची वितीनं मोजली,
तिला उठवलं, तिपाई तिथं रोवली.
मी सांगितलं, मग तुमच्या कोपऱ्यात
सगळं वाकडं ऐकू येईल, बास घुमेल.
इंजिनात याहून घुमायचं, तो म्हणाला,
आणि परत लंबक धरला.

तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, वायर सैल झाली म्हणून.
सैल नव्हती. डाव्या मागच्या स्पीकरवर
लोकरीची टोपली ठेवली होती, एवढंच.
घड्याळ अजून अकरा मिनिटं मागे.
रिसीव्हरवर चार बोटं जागा, मोजून मोकळी;
शेजारी क्रोशाचा रुमाल,
घडी घातलेला, हट्टानं जवळ.