हवेचा रकाना

लिमात पाऊस पडत नाही.
हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही मनात
तुंबलेली गटारं, गढूळ पूर काढून बसाल
आणि एर्मेलिंदा यौरी तुम्हाला हसेल.

तिथे हिवाळ्यात समुद्रावरून धुकं येतं.
जूनपासून शहर ओल्या घोंगडीखाली पडून राहतं,
दोरीवरचे कपडे आठवडाभर दमट,
आणि इस्पितळाच्या तळमजल्यावर जुलाबाच्या वॉर्डात
एर्मेलिंदाला विणकामाला वेळ मिळतो.

तिच्या रजिस्टरात रकाने आहेत:
नाव, वय, वजन, किती वेळा झाली, किती पाजलं.
शेवटचा रकाना एदुविहिस नावाच्या म्हाताऱ्या ननने आखलेला.
हवा.
म्हणजे दारातल्या तापमापकाचा सकाळी आठचा आकडा.
का, ते न सांगताच नन वारली.
एर्मेलिंदा एकोणीस वर्षं तो भरत आली,
रिकाम्या पिंजऱ्यात कुणी दाणे टाकत राहावं तशी.

त्या वर्षी धुकं आलंच नाही.
कोळी आधी म्हणाले, पाणी कोमट लागतंय,
जाळ्यात भलतेच मासे येतायत, नावं नसलेले.
स्वेटरवाले दुकानाच्या पायरीवर डुलक्या काढू लागले.
भर जुलैत लोक वाळूवर उघडे झोपले,
काय सुरेख हवा, म्हणाले.

सतरा अंशाला नऊ मुलं असायची.
वीसला चौदा झाली.
तेवीसला खाटा संपल्या,
शेजारच्या चर्चमधून बाकं आणली,
त्यांवर अजून मेणाचे थेंब होते.

एका बाकावर नेलिदा, मांडीवर आठ महिन्यांचा योवेर.
टेकडीच्या पार वरच्या ओळीतलं घर,
मंगळवारी टँकर येतो, निळं पिंप भरतं,
गुरुवारपर्यंत पिंपातलं पाणी
सूप ठेवावं तसं कोमट होतं.
"मी काही वेगळं केलं नाही हो बाई,
तेच पिंप, तोच मग, हेच हात."
आणि तिने हात पुढे केले,
जणू तपासायचे ते तिथेच होते.

एर्मेलिंदाने पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली.
ती खाली बसेना.
टाळू इतकी खोल, की दिव्याची सावली
त्यात वाटीभर साचली होती.
चमचा. थांब. चमचा.
उलटी झाली तर दहा मिनिटं थांब.
पुन्हा चमचा.

कोळी त्या गरम प्रवाहाला बाळ म्हणतात,
नाताळच्या सुमारास येतो म्हणून, बाळ येशूच्या नावाने.
या वेळी तो अपुऱ्या दिवसांचा आला.
वॉर्डात कुणीतरी हा विनोद केला.
एर्मेलिंदाने त्याला बादल्या उचलायला लावलं.

रात्री तिने एकोणीस रजिस्टरं काढली,
चौकटीच्या कागदावर ठिपके दिले:
हवेचे निळे, मुलांचे लाल.
पहाटेपर्यंत ते एकाच पायवाटेवरच्या
दोन खेचरांसारखे चढत उतरत होते.
निळं पुढे. लाल मागे.
दोघांमध्ये थोडंसं अंतर, नेहमी तेवढंच.

उपसंचालकांनी कागद बराच वेळ पाहिला.
"बाई, समुद्राला काही सलाईन लावता येत नाही."
"नाही," ती म्हणाली,
"पण खाटा आठ दिवस आधी मागवता येतात.
क्षारांची पाकिटंही.
आणि टँकर गुरुवारीही जाऊ शकतो."
ते "बघू" म्हणाले.
खाटा आल्या. पाकिटं अर्धी आली.
टँकरचं अजून बघतायत.

तिसऱ्या दिवशी पहाटे योवेर मुतला,
थेट एर्मेलिंदाच्या मांडीवर, दोन दिवसांत पहिल्यांदा,
आणि नेलिदा एवढ्याने हसली की बाकावरची सगळी जागी झाली.
एर्मेलिंदाने ओला एप्रन तसाच ठेवून वेळ लिहिली.
मग दारात गेली.
आठ वाजायला बराच अवकाश होता,
तरी वाकून पाहिलं.
चोवीस.