हजेरीपट

लोडवारच्या पलीकडे, वाळूत रुतलेली सरकारी शाळा.
बावन्न मुलं, टॅब्लेट नऊ.
पत्र्यावरचं सौर पॅनल धुळीनं अर्धं आंधळं.

नाकिरूचं नाव यादीत शेवटचं.
तिची पाळी येते तेव्हा बॅटरी चार टक्के.
एखादं अक्षर उमटतं, की पडदा काळा
आणि त्यात तिचाच चेहरा.
वर्षभर तिनं तेवढाच वाचला.

सोमवारी एकिडोर सर काही बोलले नाहीत.
प्यायच्या पाण्यातलं वाटीभर घेऊन
पॅनल पुसलं,
मग हजेरीपट खालून वर वाचायला घेतला.

"नाकिरू."

पहिल्या बाकावरचा लोमुरिया कुरकुरला.
ती मात्र 'हजर' म्हणायचं विसरून
बोटं फ्रॉकला पुसत राहिली.

कोपऱ्यात हिरवे आकडे: शंभर.
तिथं इतकं मावतं,
हे तिला ठाऊकच नव्हतं.